आफ्रिकेतला न्याय आणि पाश्चात्त्य सिद्धान्त : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राज्यशास्त्र किंवा तत्त्वज्ञान शिकताना हॉब्ज, लॉक, रॉल्स भेटतात, परीक्षेपुरते पाठ होतात, आणि त्यांचे सिद्धान्त कुठल्याही समाजाला लागू पडतात असं आपण न विचारताच धरून चालतो. आफ्रिकेतल्या विचारवंतांनी आणि न्यायालयांनी हे गृहीत गेल्या पन्नास-साठ वर्षांत तपासून पाहिलं आहे. त्याबद्दल नेहमी येणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

आफ्रिकेत ५४ देश आहेत. मग ‘आफ्रिकी न्यायकल्पना’ असं सरसकट म्हणणं चूक नाही का?

चूकच आहे. ही चूक सगळ्यात कडकपणे दाखवली ती एका आफ्रिकी तत्त्वज्ञानेच. बेल्जियन मिशनरी प्लासीद टेम्पल्स यांनी १९४५ मध्ये ‘बांटू लोकांचं तत्त्वज्ञान’ मांडलं. त्यावर बेनिनचे पॉलिन हुंतोंजी यांनी १९७० च्या दशकात विचारलं : युरोपात प्रत्येक तत्त्वज्ञाचं मत वेगळं असतं, मग आफ्रिकेत लाखो लोकांचं मिळून एकच मत कसं? म्हणून या पानावर शक्य तिथे समाजाचं, देशाचं नाव घेतलं आहे : घानातले अकान, नायजेरियातले इग्बो, दक्षिण सुदानमधले नुएर, युगांडातले अचोली, शिवाय दक्षिण आफ्रिका आणि रवांडा. बाकीची आफ्रिका इथे फारशी नाही.

पाश्चात्त्य सिद्धान्त म्हणजे नेमके कोणते?

या वादात चार नावं पुन्हापुन्हा येतात. थॉमस हॉब्ज (१६५१) : वर सत्ता नसेल तर माणसं एकमेकांच्या जिवावर उठतील, म्हणून सगळ्यांनी मिळून एका सार्वभौमाला अधिकार द्यावा. जॉन लॉक (१६८९) : जमिनीत श्रम मिसळले की ती आपली होते आणि ही मालमत्ता राखण्यासाठी सरकार असतं. जॉन रॉल्स (१९७१) : आपण श्रीमंत असू की गरीब, गोरे की काळे हे माहीत नसताना, म्हणजे ‘अज्ञानाच्या पडद्याआड’ बसून, जे नियम निवडू ते न्याय्य. रॉबर्ट नोझिक (१९७४) : मालमत्ता रास्त मार्गाने मिळवली आणि रास्त मार्गाने हस्तांतरित झाली असेल, तर वाटप कितीही विषम असो, सरकारने त्यात हात घालू नये.

या तत्त्वज्ञांनी आफ्रिकेबद्दल स्वतः काही म्हटलं होतं का?

हो, आणि ते वाचून मान खाली जाते. जर्मन तत्त्वज्ञ हेगेलने बर्लिनमधल्या व्याख्यानांत आफ्रिकेला जगाच्या इतिहासातूनच वगळलं. कांटने माणसांच्या वंशांची उतरंड लावली. लॉकचं प्रकरण तर हिशेबाचं आहे. गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीत त्याचे पैसे होते. कॅरोलायना वसाहतीच्या १६६९ च्या ज्या सनदेच्या मसुद्यात त्याचा हात होता, तिच्यात प्रत्येक स्वतंत्र माणसाला आपल्या काळ्या गुलामांवर संपूर्ण अधिकार दिला होता.

या कथेचं दुसरं टोक फारसं सांगितलं जात नाही. आजच्या घानाच्या किनाऱ्यावर जन्मलेला अँटन विल्हेल्म आमो लहानपणीच युरोपात नेला गेला आणि पुढे हाले व येना इथल्या विद्यापीठांत शिकवू लागला. १७२९ मध्ये हाले इथे त्याने युरोपातल्या काळ्या लोकांच्या कायदेशीर हक्कांवर प्रबंध मांडला आणि त्यासाठी आधार घेतला रोमन कायद्याचा. मूळ मजकूर हरवला आहे, त्याचा गोषवारा तेवढा उरला. पण युरोपचीच न्यायभाषा युरोपच्या अन्यायावर उगारण्याची परंपरा किती जुनी आहे, हे त्यावरून कळतं.

राजा नाही, पोलीस नाहीत, तर समाज टिकणार कसा? हॉब्जचं म्हणणं शेवटी खरंच ना?

नुएर लोकांनी हॉब्ज वाचलेला नव्हता! १९३० च्या दशकात इव्हान्स-प्रिचर्ड या मानववंशशास्त्रज्ञाने त्यांच्यात राहून अभ्यास केला, तेव्हा त्याला ना राजा दिसला, ना न्यायाधीश, ना तुरुंग. तरी खून झाला की पुढे काय करायचं हे ठरलेलं होतं. मारेकरी बिबळ्याचं कातडं पांघरणाऱ्या एका धार्मिक मध्यस्थाच्या घरी आसरा घ्यायचा. त्या घरात त्याला हात लावायचा नाही. मध्यस्थ दोन्ही घराण्यांकडे खेटे घालायचा आणि साधारण ४०-५० गुरांच्या भरपाईवर तडजोड घडवायचा. त्याच्या हाती शिक्षा करण्याची ताकद मुळीच नव्हती. तडजोड जमायची, कारण दोन्ही घराण्यांना त्याच कुरणांवर आणि त्याच पाणवठ्यांवर राहायचं होतं. लांबच्या टोळ्यांमधलं वैर मात्र वर्षानुवर्षं धुमसायचं, तेव्हा हे चित्र फार गोड करू नये. शिवाय हा अभ्यास सुदानच्या वसाहतवादी सरकारला हवा होता, हेही विसरू नये.

इग्बोंचा दाखला मला जास्त बोलका वाटतो. ओनित्शा किंवा एन्री यांसारखे अपवाद सोडले तर इग्बो गावांना राजे नव्हते. कारभार ग्रामसभा, समवयस्कांचे गट, घराण्यांतली वडीलधारी मंडळी आणि लेकी-सुनांची स्वतंत्र मंडळं यांच्यात वाटलेला होता. ब्रिटिशांना कर गोळा करायला एक जबाबदार माणूस हवा होता. तो सापडेना, म्हणून त्यांनी वॉरंट, म्हणजे नेमणूकपत्र, देऊन ‘प्रमुख’ नेमले. परिणाम हॉब्जच्या बरोबर उलट झाला. या नेमलेल्या प्रमुखांनी लाच खाल्ली, जमिनी बळकावल्या, आणि जिथे सुव्यवस्था होती तिथे असंतोष माजला. १९२९ च्या अखेरीस बायकांवरही कर बसणार अशी बातमी पसरली आणि ओलोको इथून हजारो बायका उठल्या. त्यांचं हत्यार जुनंच होतं : माणूस चुकला की त्याच्या दारात जमायचं, गाणी म्हणून त्याची लाज काढायची, तो ऐकेपर्यंत हटायचं नाही. घरातल्या जुलमी नवऱ्यासाठी राखलेली ही शिक्षा त्यांनी साम्राज्याच्या नोकरांना दिली. सरकारने गोळीबार केला, पन्नासच्या वर बायका मारल्या गेल्या. पुढच्या काही वर्षांत वॉरंटवाल्या प्रमुखांची पद्धत मोडीत काढावी लागली.

तेव्हा राज्यसंस्था नसली की व्यवस्था नसते, हे विधान टिकत नाही. वरून लादलेली राज्यसंस्थाच अव्यवस्था आणू शकते, हे मात्र टिकतं.

‘सामाजिक करार’ ही कल्पना तिथे का अडखळते?

करार कोणी कोणाशी केला, असं विचारलं की उत्तर सापडत नाही म्हणून. १८८४-८५ च्या बर्लिन परिषदेला आफ्रिकेतला एकही प्रतिनिधी नव्हता. नंतर नकाशावर ओढल्या गेलेल्या बहुतेक सीमा स्वातंत्र्यानंतरही राहिल्या, कारण १९६४ मध्ये आफ्रिकी देशांनी स्वतःच त्या मान्य केल्या. सीमा उकरल्या असत्या तर किती युद्धं झाली असती, हे त्यांना दिसत होतं.

नायजेरियाचे पीटर एके यांनी १९७५ मध्ये याचा परिणाम एका निबंधात सांगितला. माझ्या मते आफ्रिकी राजकारणावर यापेक्षा धारदार काही लिहिलं गेलेलं नाही. एके म्हणतात, वसाहतवादाने एकाच माणसासाठी दोन सार्वजनिक जगं तयार केली. एक आपल्या वंशाचं, गावाचं, गावकऱ्यांच्या मंडळाचं. तिथे माणूस वर्गणी देतो, फुकट राबतो, पै-पैचा हिशेब ठेवतो. दुसरं सरकारचं. ते परक्यांनी आणलं, म्हणून त्याच्याबद्दल नैतिक बांधिलकी वाटत नाही. तिथून लुटून गावच्या मंडळाला दिलं तर गावात तो चोर ठरत नाही, उलट कर्तबगार ठरतो. भ्रष्टाचाराला ‘संस्कृती’ म्हणून हात झटकणाऱ्यांना हे उत्तर आहे. तोच माणूस एका ठिकाणी प्रामाणिक आणि दुसऱ्या ठिकाणी बेइमान असेल, तर दोष त्याच्या संस्कृतीत कसा?

जमैकन वंशाचे तत्त्वज्ञ चार्ल्स मिल्स १९९७ मध्ये आणखी पुढे गेले. करार झाला होता, फक्त तो गोऱ्यांनी आपापसात केला आणि बाकीचे त्यात पक्ष नव्हते, विषय होते, असं त्यांचं म्हणणं.

रॉल्सचा सिद्धान्त तर वंशभेदाच्या विरोधात आहे. मग त्याच्यावर आक्षेप का?

पडद्याआड बसलेला कोणीही वर्णभेदी राजवट निवडणार नाही, एवढं रॉल्सकडून सहज मिळतं. पण वर्णभेदी राजवट संपल्यावर, १९९४ नंतर, दक्षिण आफ्रिकेचा प्रश्न सुरू झाला तो याच्या पुढचा. १९१३ च्या कायद्याने काळ्या लोकांसाठी देशाची सुमारे ७ टक्के जमीन राखली, १९३६ मध्ये ती १३ टक्क्यांच्या आसपास नेली. बाकी ठिकाणी त्यांना जमीन घेता येत नव्हती. १९६० ते १९८३ या काळात सुमारे ३५ लाख लोकांना घरांतून उठवून दुसरीकडे टाकलं गेलं. ही जमीन आता कोणाची?

रॉल्सचा सिद्धान्त इथे गप्प होतो. त्याने मुद्दामच आदर्श परिस्थिती धरली होती : बंदिस्त समाज, सगळे नियम पाळणारे. पडदा पडला की कोण कोणाच्या शेतावरून हुसकावला गेला, हेही पडद्याआड जातं. सगळ्यात तळाच्या माणसाची स्थिती सुधारा असं तो सांगेल, आणि ते योग्यच आहे. पण मदत मिळणं आणि हिरावलेलं परत मिळणं या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि शेत गमावलेल्या माणसाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

गंमत अशी की इथे उपयोगी पडतो तो उजव्यांचा लाडका नोझिक. मालमत्ता मुळात अन्यायाने मिळवली असेल तर ती चूक दुरुस्त केली पाहिजे, असं त्याचं तिसरं तत्त्व आहे. जुने अन्याय फार मोठे असतील तर काही काळ व्यापक अधिकारांचं सरकारही लागू शकेल, असं तो स्वतः मान्य करतो. दुरुस्ती कशी करायची हे त्याने सांगितलं नाही आणि त्याचे चाहते ते पान लवकर उलटतात. तरीही इतिहास विचारात घेणारा सिद्धान्त त्याचा आहे, आणि आफ्रिकेत न्यायाचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा इतिहासाचा असतो : आधी काय घेतलं गेलं ते सांगा, वाटपाचं नंतर बोलू.

‘उबुंटू’ हे खरंच तत्त्वज्ञान आहे की भाषणात वापरायचा शब्द?

दोन्ही. माणूस इतर माणसांमुळे माणूस होतो, ही दक्षिण आफ्रिकेतल्या न्गुनी आणि सोथो भाषांमधली म्हण या कल्पनेच्या मुळाशी आहे. शब्दाला कायद्यात जागा मिळाली ती १९९३ च्या हंगामी राज्यघटनेच्या शेवटच्या परिच्छेदात : सूड नको, समजूत हवी, पुन्हा बळी नकोत, उबुंटू हवं. १९९५ मध्ये नव्या घटना न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनी एकमताने फाशी रद्द केली. त्या मकवान्याने खटल्यात अनेकांनी उबुंटूचा आधार घेतला. जनमत फाशीच्या बाजूने होतं, हे न्यायालयाला माहीत होतं. १९९६ च्या कायम घटनेत मात्र हा शब्द आला नाही.

थॅड मेट्झ यांनी २००७ मध्ये त्यातून एक नेमकं नीतितत्त्व काढण्याचा प्रयत्न केला : एकोपा जोडणारी कृती योग्य, तोडणारी अयोग्य. जन्माने अमेरिकन, तिथेच शिकलेला माणूस आफ्रिकी नीती एका सूत्रात बसवतो, यावर टीकाही पुष्कळ झाली. दक्षिण आफ्रिकेचे तत्त्वज्ञ मोगोबे रामोसे यांचा रोख वेगळा आहे. उबुंटू म्हणजे मवाळ क्षमा नव्हेच, असं ते म्हणतात. जिंकून घेतलेल्यांचा भूमीवरचा आणि सार्वभौमत्वाचा हक्क कधी संपलाच नाही, आणि तो परत दिल्याशिवाय समतोल येत नाही, हीच त्यांच्या लेखी उबुंटूची मागणी. हॉटेलांच्या आणि बँकांच्या जाहिरातींत जे उबुंटू दिसतं त्याला ही मागणी अर्थातच परवडणारी नाही.

समूह आधी की व्यक्ती?

या वादातली गंमतीची गोष्ट अशी की समूहाची बाजू सगळ्यात ठासून मांडणारे नायजेरियाचे इफेआन्यी मेन्किटी हार्वर्डमध्ये खुद्द रॉल्सचे विद्यार्थी. १९८४ च्या निबंधात त्यांनी लिहिलं की माणूसपण जन्मतः मिळत नाही. ते समाजात राहून, जबाबदाऱ्या पार पाडत कमवायचं असतं, आणि त्यात माणूस नापासही होऊ शकतो. घानाचे क्वामे ग्येक्ये यांना हे मान्य नव्हतं. माणूस समाजात घडतो हे खरं, पण त्याला बुद्धी असते, निवड असते, प्रसंगी समाजाला नाही म्हणण्याची ताकद असते. ती काढून घेतली तर रूढी सुधारणार कोण?

मला ग्येक्ये पटतात. माणूसपण कमवायचं म्हटलं की ते मोजणारा कोणीतरी बसतोच, आणि तो बहुधा वयाने मोठा पुरुष असतो. १९८१ च्या आफ्रिकी मानवी हक्क सनदेने दोन्ही टोकं एकत्र बांधली. तिच्यात व्यक्तीचे हक्क आहेत, लोकसमूहांचे हक्क आहेत आणि कुटुंबाबद्दल, समाजाबद्दल व्यक्तीची कर्तव्यंही आहेत.

बहुमताऐवजी सहमतीने राज्य चालेल का?

घानाचे क्वासी विरेडू यांना तसं वाटत होतं. अकान लोकांच्या असांते राज्यात घराण्यांचे प्रमुख परिषदेत बसून बोलत राहायचे. मत बदललं नाही तरी आता काय करायचं यापुरता विरोध बाजूला ठेवण्यापर्यंत यायचे. निवडणुकीत ५१ टक्के लोक ४९ टक्क्यांना पाच वर्षं घरी बसवतात, आणि जिथे पक्ष वंशांवर उभे असतात तिथे तेच लोक कायमचे घरी बसतात. म्हणून पक्षांशिवायच्या प्रातिनिधिक लोकशाहीचा विचार करा, असं ते म्हणाले. दोन डोकी आणि एकच पोट असलेल्या मगरींचं अकान चिन्ह त्यांनी दाखला म्हणून घेतलं : घास कोणी गिळायचा यावर भांडण, पोट एकच.

एकपक्षीय राजवटींनी हाच युक्तिवाद केला होता. टांझानियात राष्ट्राध्यक्ष न्येरेरे यांनी झाडाखाली बसून एकमत होईतो बोलणाऱ्या वडीलधाऱ्यांचा दाखला दिला, आणि १९६५ पासून १९९२ पर्यंत तिथे एकपक्षीय राज्य होतं. विरेडू यांनी त्याला स्पष्ट विरोध केला. एकच पक्ष ठेवणं म्हणजे बाकीच्यांना गप्प करणं, सहमती नव्हे. नायजेरियाचे इमॅन्युएल एझे यांचा आक्षेप मुळावर होता. परिषद तर्काने एकमत करत होती, की पूर्वजांच्या पवित्र सत्तेपुढे सगळे मान तुकवत होते? श्रद्धा उडाल्यावर सहमती कशाच्या आधाराने उभी राहणार?

मराठी वाचकाला इथे गावकी आणि जातपंचायत आठवल्याशिवाय राहणार नाही. सगळ्यांनी एका मताने ठरवलं, आणि न ऐकणाऱ्याचं पाणी तोडलं. महाराष्ट्राला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला, तो अशाच एकमतांमुळे.

दक्षिण आफ्रिकेत गुन्हेगारांना माफी दिली. त्याला न्याय म्हणायचं का?

सरसकट माफी नव्हती. डेस्मंड टुटू यांच्या अध्यक्षतेखालच्या सत्य आणि सलोखा आयोगापुढे १ मार्च १९६० ते १० मे १९९४ या काळातल्या राजकीय हेतूच्या गुन्ह्यांची पूर्ण कबुली द्यायची, तरच माफी. सुमारे ७,१०० अर्ज आले, माफी मिळाली ८४९ जणांना. वर्णभेदाविरुद्ध लढणाऱ्या आणि पोलिसांच्या ताब्यात १९७७ मध्ये मरण पावलेल्या स्टीव्ह बिको यांच्या प्रकरणातल्या पोलिसांना ती नाकारली गेली.

बिको यांच्या कुटुंबीयांनी आणि इतरांनी या कायद्यालाच आव्हान दिलं होतं. माफी मिळालेल्या माणसावर फौजदारी खटला नाही आणि नुकसानभरपाईचा दावाही नाही, मग घटनेने दिलेला न्यायालयात जाण्याचा हक्क कुठे गेला? १९९६ मध्ये घटना न्यायालयाने आव्हान फेटाळलं. माफीशिवाय सत्य बाहेर येणार नाही आणि कदाचित सत्तांतरही झालं नसतं, असा सूर होता. इथे गुन्ह्याला शिक्षा झालीच पाहिजे म्हणणारा कांटचा शिष्य हरतो आणि परिणाम पाहणारा जिंकतो. शिक्षा हा गुन्ह्याचा हिशेब असेल, तर देशाच्या भल्यासाठी तो माफ करण्याचा अधिकार बिकोंच्या कुटुंबाशिवाय कोणाला?

महमूद ममदानी यांचा आक्षेप मला याहून जड वाटतो. (ते युगांडात वाढलेले, भारतीय वंशाचे.) आयोगाने छळ करणारा आणि छळ सोसणारा अशा जोड्या पाहिल्या. पण वर्णभेद म्हणजे मुख्यतः पासची (काळ्या माणसाने जवळ बाळगायच्या परवान्याची) सक्ती, हुसकावणी, जमिनीचे कायदे. त्यात कोट्यवधी बळी होते आणि लाखो लाभार्थी होते. लाभार्थी आयोगासमोर आलेच नाहीत. ते घरी बसून टीव्हीवर पोलिसांची कबुली पाहत राहिले आणि आपण तसे नव्हतो याचं समाधान मानत राहिले. बळी ठरवलेल्यांना २००३ मध्ये प्रत्येकी ३०,००० रँड एकदाच मिळाले. माफी न मिळालेल्यांवर खटले चालवण्यात इतकी टाळाटाळ झाली की २०२५ मध्ये त्याच्याच चौकशीसाठी न्यायालयीन आयोग नेमला गेला.

रवांडातली गचाचा न्यायालयं यशस्वी झाली का?

१९९४ च्या तुत्सी लोकांच्या वंशसंहारानंतर तुरुंगांत सुमारे १,२०,००० माणसं कोंबलेली होती, आणि बहुतेक वकील-न्यायाधीश मेलेले किंवा पळालेले. नेहमीच्या न्यायालयांना शंभर वर्षं पुरली नसती. म्हणून गावातले किरकोळ तंटे गवतावर बसून मिटवायची जुनी पद्धत सरकारने कायद्याने नव्याने घडवली. २००२ मध्ये सुरुवात झाली, २०१२ मध्ये समारोप. सुमारे १२,००० न्यायालयांनी १९ लाखांच्या आसपास प्रकरणं निकालात काढली. रवांडासाठी नेमलेल्या, टांझानियातल्या अरुशा इथल्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने वीस वर्षांत ९३ जणांवर आरोप ठेवले होते, म्हणजे तुलनाच होऊ नये.

पण आरोपीला वकील नाही, न्यायाधीश शेजारीच, जुनी भांडणं उकरून खोट्या साक्षी. आणि सत्तेवर आलेल्या पक्षाच्या सैन्याने केलेल्या हत्या त्या न्यायालयांच्या कक्षेबाहेर ठेवल्या. नाव परंपरेचं, हुकूम राजधानीचा. अनेकांना आपल्या माणसांची हाडं कुठे पुरली हे मात्र तिथेच कळलं, आणि ते कुठल्याही दुसऱ्या न्यायालयाने सांगितलं नसतं.

आंतरराष्ट्रीय न्यायालय आणि गावची रीत यांत निवडायचं कसं?

उत्तर युगांडात हा पेच समोरासमोर आला. २००५ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने ‘लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मी’ या बंडखोर सेनेचा म्होरक्या जोसेफ कोनी आणि त्याच्या साथीदारांवर अटक वॉरंट काढलं. तेव्हा अनेक अचोली नेते म्हणाले की आमच्याकडे ‘मातो ओपुत’ आहे : कबुली, भरपाई आणि मग दोन्ही कुळांनी एकत्र कडू मुळाचा रस पिणं. पण ही रीत एका कुळाने दुसऱ्या कुळातला माणूस मारला तर लागू होणारी. कोणी कोणाला मारलं हेच ठाऊक नसलेल्या, पळवून नेलेल्या मुलांच्या हातून झालेल्या युद्धाला ती कशी पुरणार? उलट बाजूही पाहा. कोनीच्याच सेनेतल्या डॉमिनिक ओंगवेनला २०२१ मध्ये २५ वर्षांची शिक्षा झाली. तो स्वतः लहानपणी शाळेच्या वाटेवरून पळवला गेलेला मुलगा होता. गुन्हेगार वेगळा आणि बळी वेगळा, या गृहीतावर उभ्या असलेल्या न्यायाला त्याचं काय करावं ते नीट कळलं नाही.

‘रूढी कायदा’ खरंच इतका जुना आहे का?

पुष्कळदा नाही. ममदानी यांनी १९९६ मध्ये दाखवलं की वसाहती सरकारांनी शहरांत गोऱ्यांना नागरी कायदा दिला आणि खेड्यांत काळ्यांना ‘रूढी’. ही रूढी मग नेमलेल्या प्रमुखाच्या मुठीत गेली. कर, न्याय, जमीन सगळं त्याच्याकडे. पूर्वी प्रमुखाला आवर घालणाऱ्या सभा आणि घराणी बाजूला पडली. दक्षिण आफ्रिकेच्या १९२७ च्या कायद्याने तर गोऱ्या गव्हर्नर जनरललाच काळ्या लोकांचा सर्वोच्च प्रमुख ठरवलं. याला परंपरा म्हणायचं असेल तर म्हणा.

मग या परंपरांत बायकांना न्याय मिळतो का?

दक्षिण आफ्रिकेचे दोन निकाल शेजारी ठेवून वाचावेत. २००४ च्या ‘भे’ खटल्यात वारसा फक्त थोरल्या पुरुष वारसाला देणारा नियम न्यायालयाने समतेच्या आधारावर रद्द केला. तिथे घटना वरून आली. २००८ च्या शिलुबाना खटल्यात वेगळं घडलं. लिम्पोपोतल्या वालोयी समाजाने पूर्वी डावललेल्या मुलीला आपणहून प्रमुखपद द्यायचं ठरवलं होतं आणि चुलतभावाने रूढीचा दाखला देऊन अडवलं. न्यायालय म्हणालं, रूढी ज्यांची आहे त्यांना ती बदलायचाही अधिकार आहे. दुसरा निकाल मला जास्त दूरवर पोहोचणारा वाटतो, कारण रूढी सुधारणार कोण, या ग्येक्ये यांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे.

या सगळ्यात आपला काही संबंध येतो का?

येतो, आणि तो दोन्ही बाजूंनी. गोवेकर आईबापांच्या पोटी नैरोबीत जन्मलेले पियो गामा पिंटो केनियाच्या स्वातंत्र्यासाठी ब्रिटिशांच्या कैदेत राहिले. स्वातंत्र्यानंतर भूमिहीनांच्या बाजूने बोलत राहिले आणि २४ फेब्रुवारी १९६५ ला त्यांची नैरोबीत हत्या झाली. गोऱ्यांनी बळकावलेली जमीन आफ्रिकी माणसाने बाजारभावाने विकत का घ्यावी, हा केनियातला तेव्हाचा वाद म्हणजे लॉक विरुद्ध दुरुस्तीचं तत्त्व हाच होता. दुसरीकडे, दक्षिण आफ्रिकेतल्या सुरुवातीच्या वर्षांत गांधींनी काळ्या लोकांबद्दल जे लिहिलं, त्यावरून घाना विद्यापीठातला त्यांचा पुतळा २०१८ मध्ये हटवला गेला.

पाश्चात्त्य विचार टाकूनच द्यावा का?

यावर ओलुफेमी तायवो आणि ओलुफेमी तायवो यांची मतं वेगळी आहेत. हा छपाईचा दोष नाही. एकाच नावाचे हे दोन तत्त्वज्ञ अमेरिकेतल्या विद्यापीठांत शिकवतात आणि दोघांचीही पुस्तकं २०२२ मध्ये आली. थोरले म्हणतात, लोकशाही, कायद्याचं राज्य, व्यक्तिस्वातंत्र्य या गोष्टी पाश्चात्त्यांची खासगी मालमत्ता नाहीत. आफ्रिकी विचारवंतांनी त्या स्वतः निवडल्या, घडवल्या. ‘वसाहती’ म्हणून त्या फेकून देणं म्हणजे त्यांच्या बुद्धीचा अपमान. धाकटे गुलामगिरी आणि वसाहतवादाच्या भरपाईबद्दल लिहितात. भरपाई म्हणजे जुनं बिल चुकतं करणं नव्हे, आजचं जग न्याय्य रीतीने पुन्हा बांधणं, असं त्यांचं म्हणणं. मला थोरल्यांचा राग आणि धाकट्यांचा कार्यक्रम, दोन्ही हवेसे वाटतात.

आज हा वाद कुठे चालू आहे?

दक्षिण आफ्रिकेच्या जमिनीवर. १९९६ च्या घटनेचं २५ वं कलम मालमत्तेला संरक्षण देतं आणि १९ जून १९१३ नंतर हिरावलेल्या जमिनीवर परतीचा हक्कही देतं. त्याआधीच्या दोनशे-अडीचशे वर्षांत गेलेली जमीन या तारखेने बाहेर ठेवली. १९९४ नंतर सरकारने पाच वर्षांत ३० टक्के शेतजमीन फेरवाटण्याचं लक्ष्य धरलं आणि ते पुढे ढकलत नेलं. २०१७ च्या सरकारी पाहणीत व्यक्तींच्या नावावर असलेल्या शेतजमिनीपैकी ७२ टक्के गोऱ्यांकडे होती. जानेवारी २०२५ मध्ये नव्या भूसंपादन कायद्यावर राष्ट्राध्यक्ष रामाफोसा यांनी सही केली. ‘न्याय्य आणि रास्त’ असेल तिथे, ठरावीक परिस्थितीत, शून्य भरपाईनेही जमीन घेता येईल असं त्यात आहे. सत्तेतल्याच भागीदार पक्षाने त्याला न्यायालयात आव्हान दिलं. ‘न्याय्य आणि रास्त’ म्हणजे काय, हे आता रॉल्स, नोझिक किंवा रामोसे यांच्याऐवजी न्यायाधीशांना ठरवायचं आहे.